सोसणं आणि साक्ष देणं

(महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या कार्यकर्त्या बहिणींचं एक दिवसाचं शिबिर २५ डिसेंबरला महाडमध्ये झालं. ‘धर्म आणि बाईचं सोसणं’ या सत्रात एका ख्रिस्ती कार्यकर्तीनं केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

आज आमचा सण आहे, म्हणून नाताळच्या शुभेच्छा. काल घरातून निघताना सून म्हणाली, “आई, नाताळच्या दिवशी उपासना सोडून महाडला कसल्या जाताय?” मी तिला म्हटलं, “अगं, महाडमध्ये २५ डिसेंबरला काय झालं ते तुला ठाऊक नाही, म्हणून असं म्हणतेस.” तिनं करंज्यांचा डबा दिलाय बरोबर. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी घ्या.

मला दिलेला विषय आहे ख्रिस्ती बाईचं सोसणं. भाषण लिहून आणलं होतं, पण सकाळच्या गटचर्चेत पोलादपूरकडच्या एका ताईंनी जे विचारलं त्यानंतर तो कागद पिशवीतच ठेवला. त्या म्हणाल्या, “बाई, आमच्या वाडीत खरं बोललं की गावकी वाळीत टाकते. हळदीकुंकवाला बोलवत नाहीत, मयताला खांदा देत नाहीत. मग खरं बोलून सोसायचं, का गप्प बसून सोसायचं? सोसणं काही चुकत नाही. तुमच्या धर्मात तर सोसणं म्हणजे पुण्यच ना?”

ताई, तुमच्या या प्रश्नाशी मी गेली तीस वर्षं झगडते आहे. आज त्यावरच बोलते. मी काही धर्माचा प्रचार करायला आलेली नाही. इथं बसलेल्या बौद्ध, हिंदू, मुसलमान बहिणींनी आपापल्या घरचं याच्याशी ताडून बघावं, एवढंच.

आधी माझ्याच मंडळीतली एक गोष्ट सांगते. मंडळी म्हणजे आमच्या चर्चची सभासद माणसं. तेव्हा मी तिथल्या महिला मंडळाची सेक्रेटरी होते. आमच्यातल्या एकीला नवरा मारायचा. दारू नाही, व्यसन नाही, रविवारी पहिल्या बाकावर बसणारा माणूस. ती पाळकसाहेबांकडे तीनदा गेली. तिन्ही वेळा तिला सांगण्यात आलं, “प्रभूनं आपल्यासाठी एवढं सोसलं, तू तुझा वधस्तंभ उचल. प्रार्थना कर, तो बदलेल.” मग ती माझ्याकडे आली. आणि मी काय केलं? मीही तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थनाच केली. तिला चहा पाजला आणि त्याच घरात परत पाठवलं. महिन्याभरात तिचं मनगट मोडलं. दवाखान्यात मी भेटायला गेले, तर डॉक्टरांसमोर ती म्हणाली, “मोरीत घसरून पडले.” माझ्याकडे बघतही नव्हती.

त्या दिवशी ती खोटं बोलली. ते खोटं तिला आम्ही शिकवलं होतं. मारणाऱ्याचं नाव घ्यायचं नाही, घराची अब्रू झाकायची, आणि या सगळ्याला म्हणायचं वधस्तंभ. ते मनगट माझ्या हिशेबातून अजून गेलेलं नाही. तेव्हापासून मी पवित्र शास्त्र दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं कमी केलं आणि स्वतः वाचायला बसले.

काय दिसलं मला? येशूनं वधस्तंभ सोसला हे खरं. पण त्याआधीचं आम्हाला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. त्याच्या स्वतःच्या गावचे लोक चिडून त्याला कड्यावरून ढकलायला निघाले, तेव्हा तो त्यांच्यामधून वाट काढून चक्क निघून गेला. म्हणजे मार खायला थांबणं हे काही व्रत नव्हतं त्याचं. धरलं जाण्याच्या रात्री बागेत त्यानं प्रार्थना केली ती हे दुःख टळू दे म्हणून. आणि प्रमुख याजकासमोर एका शिपायानं त्याच्या तोंडात मारली, तेव्हा तो गप्प राहिला नाही. माझं बोलणं चुकलं असेल तर दाखवून दे, बरोबर असेल तर मारतोस का, असं त्यानं सरळ विचारलं. नवऱ्याचा हात उठल्यावर असं विचारायला आम्हाला कोणत्या पाळकांनी शिकवलं?

लूकच्या शुभवर्तमानात एक विधवा आहे. न्यायाधीश कुणाला भीक न घालणारा. ती त्याच्या दाराशी पुन्हा पुन्हा जाते, मला न्याय दे म्हणते. शेवटी तो कंटाळून न्याय देतो. येशूनं ही गोष्ट प्रार्थना कशी करावी याचा दाखला म्हणून सांगितली. तालुक्याच्या कचेरीत हेलपाटे घालणाऱ्या तुम्ही सगळ्याजणी त्या विधवेच्या जातीच्या आहात. आणि पुनरुत्थानाची पहिली बातमी आणली तीही बायकांनीच. शिष्यांना ती बडबड वाटली. बाईची साक्ष तेव्हाही कुणी खरी धरत नव्हतं.

आमच्या मराठी ख्रिस्ती बोलण्यात एक शब्द आहे, रक्तसाक्षी. धर्मासाठी जीव देणाऱ्याला म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नुसता साक्षीदार असा आहे. म्हणजे आधी साक्ष. जे पाहिलं, जे खरं आहे, ते बोलणं. त्यापायी रक्त सांडलं तर ते नंतरचं. आम्हा बायकांना मात्र साक्ष वगळून नुसतं रक्त शिकवलं.

आणि हे फक्त चर्चच्या बाकावर नव्हतं, कायद्यातही होतं. १८६९ चा भारतीय घटस्फोट कायदा हा आम्हा ख्रिश्चनांचा कायदा. त्याच्या दहाव्या कलमात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की घटस्फोट मिळायचा. बायकोला तेवढं पुरत नसे. व्यभिचार अधिक क्रूरता, किंवा व्यभिचार अधिक दोन वर्षं टाकून देणं, असं दुहेरी सिद्ध करावं लागे. म्हणजे नवऱ्यानं हाडं मोडली, पण दुसरी बाई ठेवली नाही, तर घटस्फोट नाही. शिवाय जिल्हा न्यायालयानं दिलेला निकाल उच्च न्यायालयानं कायम करावा लागे, तो आणखी वेगळा हेलपाटा. बायका कोर्टात गेल्या. १९९५ मध्ये केरळच्या आणि १९९७ मध्ये आपल्या मुंबईच्या उच्च न्यायालयानं ख्रिस्ती बाईला नुसत्या क्रूरतेवर किंवा टाकून देण्यावरही घटस्फोट मागता येईल असा निकाल दिला. कायदा बदलला तो २००१ मध्ये. एकशेबत्तीस वर्षं लागली.

केरळात मेरी रॉय बाईंनी वडिलांच्या मिळकतीतला वाटा मागितला. तिथल्या जुन्या त्रावणकोर कायद्यात मुलीला मुलाच्या हिश्शाचा चौथा भाग किंवा पाच हजार रुपये, यातलं जे कमी असेल ते. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. घरचे, समाजाचे, चर्चमधले कितीतरी लोक त्यांच्यावर रागावले. हे जे त्यांनी सोसलं, ते माझ्या मैत्रिणीच्या मोडलेल्या मनगटापेक्षा वेगळं आहे. कसं वेगळं, ते सांगायला मला आपल्या महाराष्ट्रातल्या पंडिता रमाबाईंकडे जावं लागेल.

रमाबाईंचं नाव तुम्ही ऐकलेलं आहे. १८५८ चा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांच्या वाट्याला लोकांचा राग आला. दुष्काळात आईवडील गेले, थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ पायी देश फिरले, उपाशी राहिले. कलकत्त्यात १८७८ साली त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या मिळाल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. जातीबाहेर, नोंदणी पद्धतीनं लग्न केलं, तर दीड-दोन वर्षांत नवरा कॉलऱ्यानं गेला. हातात लहानगी मनोरमा. हे सगळं दुःख रमाबाईंनी मागितलेलं नव्हतं, ते येऊन आदळलं. त्याला त्यांनी पुण्य म्हणून पूजलं नाही. १८८२ साली पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, आणि हंटर कमिशनपुढं बायकांना शिक्षिका आणि डॉक्टर करा असं सांगितलं. बघा, तीसुद्धा साक्षच.

१८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि तिथं वाँटेज गावी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. इथं महाराष्ट्रात गहजब झाला. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. पण मला आज सांगायचंय ते वेगळंच. धर्म बदलल्यावर रमाबाई नव्या धर्माच्या पुढाऱ्यांपुढं मान खाली घालून बसल्या का? नाही. तरुण मुलग्यांना त्यांनी संस्कृत शिकवावं अशी गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली, बाईनं पुरुषांना शिकवणं बरं नव्हे म्हणून. रमाबाईंनी कळवलं की माझ्या देशात मी वर्षानुवर्षं पुरुषांच्या भरसभेत बोलत आले आहे. त्रैक्याचा सिद्धांत त्यांना पटेना, तर पटत नाही असं लिहून कळवलं. ज्या सिस्टर जेराल्डिननी त्यांना आईसारखं सांभाळलं, त्यांच्याशीही हा वाद पत्रांतून चालला. त्या बाईंना वाटे ही गर्विष्ठ आहे, आज्ञेत राहत नाही. रमाबाईंचं म्हणणं असं की एका भटशाहीतून सुटून मी आले ते दुसऱ्या कुणाच्या हाती माझी सदसद्विवेकबुद्धी सोपवायला नाही. तो पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं छापला आहे.

विचार करा. परका देश, हातात पैसा नाही, ऐकू कमी यायला लागलेलं, त्यापायी डॉक्टर व्हायचा बेत मोडलेला, मुलगी त्यांच्याच आसऱ्याला. अशा वेळी “हो” म्हणणं किती सोपं होतं!

परत आल्यावर ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढं ते पुण्याला नेलं. विधवा मुलींना शिक्षण आणि त्यांच्या त्यांच्या धर्माप्रमाणे वागायची मोकळीक, असं ठरलं होतं. पुढं काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला येऊन बसू लागल्या. ‘केसरी’नं झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले. पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची तक्रार अगदीच खोटी होती असं मी म्हणणार नाही. विश्वासानं मुली ठेवल्या होत्या त्यांनी, त्यांना फसवल्यासारखं वाटलं असेल. रमाबाई एवढंच म्हणत की मी कुणाला बोलवत नाही, पण प्रार्थना करताना माझ्या खोलीचं दार लावूनही घेणार नाही. हा वाद आपण आजही घालू शकतो. पण लपवलं नाही त्यांनी काही.

आणि एक गोष्ट फार कमी सांगितली जाते. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. सरकार इंग्रजांचं, म्हणजे रमाबाईंच्याच धर्माचं. त्यांच्या मदतीचे हातही बरेचसे गोऱ्यांचेच. तरी प्लेगच्या इस्पितळात बायकांची काय आबाळ होते, त्या तिथं किती असुरक्षित असतात, हे त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून चव्हाट्यावर मांडलं. विलायतेच्या पार्लमेंटात त्यावर प्रश्न निघाला. सरकारनं आरोप नाकारले. रमाबाईंनी शब्द मागं घेतला नाही. इकडचे म्हणत ही बाटली, तिकडचे म्हणत ही ऐकत नाही. पुढं केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलीबाळींना सांभाळलं, हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं, आणि मुक्तीच्या छापखान्यात बायकांनीच त्याचे खिळे जुळवले. १९२१ मध्ये मनोरमा गेली, १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या.

रमाबाईंच्या सगळ्या गोष्टी मला पटतात असं नाही. शेवटच्या काळातली त्यांची कडक धार्मिक शिस्त मला जड वाटते. पण दोन दुःखांमधला फरक मी त्यांच्याकडून शिकले. एक दुःख दुसरा माणूस तुमच्यावर लादतो, आणि तुमच्या गप्प बसण्यावर ते जगतं. दुसरं दुःख तुम्ही खरं बोललात म्हणून येतं. पहिलं थांबवायचं असतं. दुसरं, ज्याच्या त्याच्या ताकदीप्रमाणे, पत्करायचं असतं. वधस्तंभ हा शब्द फक्त दुसऱ्याला लागू आहे. पहिल्याला लावला की तो मारणाऱ्याच्या हातातली काठी होतो.

आता माझ्या सुनेला जे सांगितलं तिथं येते. आपण बसलोय तिथून चवदार तळं जवळच आहे. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोल्यांचा ठराव झाला, महाड नगरपालिकेनं तळं सर्वांना खुलं केल्याचा ठरावही केला. सगळं कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी आणि हजारो माणसांनी ते पाणी प्यायलं, तेव्हा कागदावरचं सत्य खरं झालं. मग अफवा उठवली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. जेवणाच्या मांडवात घुसून लोकांना मारलं. उलट हात उचलायला माणसं तयार होती, बाबासाहेबांनी आवरलं. काहींनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. सवर्णांनी शेणा-गोमूत्राच्या घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ केलं.

डिसेंबरात पुन्हा परिषद भरली. फत्तेखान यांनी जागा दिली. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृती जाळली, आणि ठराव मांडला तो सहस्रबुद्धे या ब्राह्मण गृहस्थांनी. त्या परिषदेत बायका होत्या, त्यांच्यासाठी बाबासाहेब वेगळं बोलले. जात ओळखू येईल असं लुगडं नेसू नका म्हणाले, आणि टिपणीस-चित्रे यांच्या घरच्या बायकांनी त्यांना नव्या तऱ्हेनं नेसायला दाखवलं. म्हणून आज दलित स्त्रियांच्या संघटना हा दिवस भारतीय स्त्री मुक्ती दिन म्हणून पाळतात. तळ्यावर मात्र त्या वेळी गेले नाहीत, कारण कोर्टाचा मनाई हुकूम आणला गेला होता. खटला चालला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १७ मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षं! मार खाल्ला, बहिष्कार सोसला, वाट पाहिली. पण “आम्ही घसरून पडलो” असं कुणी म्हटलं नाही. कोण मारतं आणि का मारतं हे नाव घेऊन सांगितलं. साक्ष म्हणतात ती हीच. तिला एका धर्माचा शिक्का लागत नाही.

आता ताई, तुमच्या प्रश्नाकडे. वाळीत टाकणं हा आपल्या रायगडातला जुना रोग आहे. इथल्याच प्रकरणांमुळे त्याची राज्यभर चर्चा झाली, आणि २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा झाला, तो २०१७ पासून लागू आहे. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. घरातल्या मारहाणीसाठी २००५ चा कायदा आहे, त्यात संरक्षण अधिकारी आहे, राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे. कायदा आहे म्हणून दुःख येणार नाही असं मी सांगणार नाही. तुम्ही तक्रार दिलीत तर उद्या पाणवठ्यावर कुणी बोलणार नाही, चाकरमानी मुंबईहून फोन करून दटावतील, लेकीचं जमत आलेलं लग्न मोडेल. हे मी तुमच्यापासून झाकलं, तर मीही त्या पाळकांसारखीच.

म्हणून मी स्वतःसाठी तीन प्रश्न ठरवलेत. कुणी बाई दारात आली की आधी हे मनात विचारते. या दुःखातून फायदा कुणाचा होतोय? हे सोसताना तिला खोटं बोलावं लागतंय का? आणि हे सोसायचं कुणी ठरवलं, तिनं का दुसऱ्यानं? फायदा मारणाऱ्याचा, तोंडी खोटं, आणि ठरवणारा दुसरा, तर ते थांबवायला आपण उभं राहायचं. तिथं प्रार्थना नको, समजूत नको. आधी तिला तिथून बाहेर काढायचं.

पण तिसरा प्रश्न आपल्यालाही लागू आहे, कार्यकर्त्यांनो. कधीकधी आपणच बाईच्या खांद्यावर नवा वधस्तंभ ठेवतो. “आता मागं हटू नकोस, तुझी केस म्हणजे सगळ्या बायकांची केस आहे.” मोर्चाला तिला पुढं उभं करतो, फोटो छापतो, आणि रात्री ती एकटीच त्या वाडीत परत जाते. पत्करायचं किती हे तिनंच ठरवायचं. येशूसुद्धा एकदा कड्यावरून निघून गेला होता, हे लक्षात ठेवा. आज निघून गेलेली बाई उद्या उभी राहू शकते. आणि ती उभी राहिली, तर तिच्या शेजारी कोण उभं आहे, हा आपल्या परीक्षेचा प्रश्न. एकटीची साक्ष बडबड ठरते. चौघी सांगायला लागल्या की तहसीलदारालाही ऐकावं लागतं.

माझ्या त्या मैत्रिणीचं पुढं काय झालं, असं तुमच्या मनात आलंच असेल. तिनं दोन वर्षांनी घर सोडलं. मी तिच्यासोबत पोलीस स्टेशनला गेले आणि जबाबात लिहून दिलं की हिनं मला आधी सांगितलं होतं आणि मी परत पाठवलं होतं. मंडळीत बरेच दिवस माझ्याशी कुणी बोलत नव्हतं, सेक्रेटरीपदही गेलं. त्याचं दुःख झालं, नाही म्हणत नाही. पण ते दुःख मला कुणाला झाकून सांगावं लागलं नाही. तिचं मनगट अजून पावसाळ्यात दुखतं. आज नाताळच्या करंज्या लाटायला सुनेच्या मदतीला तीच आली होती.

ताई, दुपारच्या सत्रात तुमच्या वाडीचं बघू या. कोण कोण सोबत येणार, ते आधी ठरवू, मग अर्ज लिहू.

एवढं बोलून थांबते.